शहापूरचा रविवारचा कथावर्ग

मी बेळगावातल्या वडगावात यंत्रमाग चालवतो. मुलगी नववीला, मराठी माध्यमात. ‘या कथेतील संघर्ष स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की ती गाइडातल्या चार ओळी पाठ करून उतरवायची. संघर्ष म्हणजे मारामारी, एवढंच तिला वाटायचं. खरं तर मलाही.

शहापुरात एक निवृत्त बाई घरच्या माडीवर दर रविवारी दोन तास कथा शिकवतात. महिन्याला ३०० रुपये. पालकांना मागं बसू देतात, म्हणून सुरुवातीचे तीन रविवार मीही बसलो.

दुसऱ्या रविवारी सावित्रीची गोष्ट होती. नारद लग्नाआधीच सांगतात की सत्यवान वर्षभरात जाणार. बाईंनी विचारलं, “पुढचं सगळं आधीच कळलं, मग ऐकावंसं का वाटतं?” कुणी बोलेना. मग फळ्यावर दोन रकाने पाडले: कुणाला ठाऊक, कुणाला नाही. सावित्रीला ठाऊक, आपल्याला ठाऊक. सत्यवानाला नाही. तो कुऱ्हाड घेऊन रानात निघतो, ती मीही येते म्हणते. लाकडं फोडताना तो नुसतं “डोकं दुखतंय” म्हणाला आणि अख्खी माडी गप्प झाली. इथंच बाईंनी रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक काढला. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का; तो तिथं आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं तर पंधरा मिनिटांची उत्कंठा. बाई म्हणाल्या, नारदांनी तेच केलंय.

यमाशी वाद हा बाहेरचा संघर्ष. आणि मनात दिवस मोजत, नवऱ्याला कळू न देता वर्षभर संसार करणं हा आतला. मोठा कुठला, असं विचारल्यावर माझ्या मुलीनं हात वर केला: “आतला, बाई. यमाशी बोलायला तिला कुणीतरी समोर होतं.” एरवी ती वर्गात तोंड उघडत नाही. त्या दिवशी मी पुढच्या तीन महिन्यांचे पैसे भरले.

उणिवा आहेत. उत्तर लिहायचा सराव महिन्यातून एकदाच होतो, दहावीच्या मुलांना तो पुरणार नाही. पाऊस आला की पत्रा वाजतो, मागच्यांना ऐकू येत नाही. आणि येळ्ळूरच्या मुलांना बससाठी दहा मिनिटं आधी उठावं लागतं, कथेचा कळस नेमका तेव्हाच येतो. वर्ग साडेआठला सुरू करा, असं मी बाईंना सांगून आलोय.