फिल्म की तेल लावलेला कागद?

भाची इथेच, बडोद्याला फाइन आर्ट्सला आहे. सायनोटाइपसाठी (उन्हात निळे फोटो छापायची जुनी पद्धत) इंकजेट प्रिंटरवर निगेटिव्ह काढायची, पण फिल्मवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर, की साध्या कागदावर, यात अडकली होती. "मामा, एकदाच काय ते सांगून टाक."

खर्चात कागद जिंकतो, वादच नाही. साधा ७५ जीएसएमचा कागद, मागून कापसाच्या बोळ्याने पॅराफिन तेल, की झाला अर्धपारदर्शक. फिल्म महाग, आणि इंकजेटचीच हवी. मी एकदा चुकून लेझरची आणली. शाई थेंबाथेंबाने साचली, बोट लागताच पुसली गेली.

बारकाव्यांत मात्र फिल्मच. कपाळावरची बटसुद्धा सुटी दिसते. कागदाचे तंतू छापात उतरतात, आभाळ रवाळ होतं. जुन्या वाड्याच्या भिंतीला ते शोभतं, चेहऱ्याला नाही.

वेळ? आमच्या गच्चीवर एप्रिलच्या उन्हात फिल्मला ८ मिनिटं पुरली, कागदाला २५ लागली. शिवाय तेल रात्रभर रद्दीत दाबून टिपावं लागतं, नाहीतर छापावर डाग. पावसाळ्यात उलटं: ज्यावर छापायचं तो रसायनाचा लेप लावलेला कागद जरा ओलसर राहिला तरी फिल्म त्याला चिकटते आणि कायमची वाया जाते. कागदाची निगेटिव्ह गेली तर दुसरी काढायची.

कर्व्ह, म्हणजे निगेटिव्ह काढण्याआधी संगणकावर छटांत करायचा फेरबदल, दोन्हींना वेगळा. एकाचा दुसऱ्याला लावू नये.

शिकताना, मोठ्या आकारासाठी कागद. व्यक्तिचित्रं, एकाच निगेटिव्हच्या बऱ्याच प्रती, किंवा सिल्व्हर नायट्रेटचं महागडं व्हॅन डाइक (तपकिरी छापाची पद्धत) असेल तर फिल्म. भाचीने सध्या रद्दी गोळा करायला घेतली आहे.