नायट्रोचं अमाइन करायचंय: लोखंड, पॅलेडियम, रेनी निकेल की सल्फाइडेड प्लॅटिनम?

रेणूवरच्या नायट्रो गटातला (NO₂) ऑक्सिजन काढून तिथे हायड्रोजन बसवला की अमाइन (NH₂) होतं, यालाच रिडक्शन म्हणतात. नवी मुंबईत रबाळे-महापेला छोटं केमिकल युनिट असेल तर पहिला सल्ला हाच मिळतो की आयर्न पावडर टाका, थोडं अ‍ॅसिड टाका, साध्या रिअ‍ॅक्टरमध्ये होऊन जातं. होतं खरं. बेशाँचं हे रिडक्शन १८५४ सालचं, प्रेशर नाही, हायड्रोजन नाही, आणि रेणूवरच्या क्लोरीन-ब्रोमीनला सहसा धक्का लागत नाही. पण स्लजचा, म्हणजे उरणाऱ्या लोखंडाच्या गाळाचा, हिशोब आधी कोणी करत नाही. अ‍ॅनिलिनचंच घ्या, १०० किलोमागे कागदावरच साधारण १८७ किलो कोरडं आयर्न ऑक्साइड निघतं, वर लोखंड जास्तीचं टाकतात आणि केक ओला असतो, त्यात अमाइन अडकतं ते वेगळंच, मग धुवायला परत सॉल्व्हंट आणि शेवटी तो सगळा ढीग घातक कचरा म्हणून महापे नाहीतर तळोज्याला पाठवा.

दुसरा मार्ग हायड्रोजनेशनचा, म्हणजे कॅटॅलिस्टवर हायड्रोजन गॅस वापरून. त्याला तेवढ्याच मालाला साडेसहा किलो हायड्रोजन लागतो आणि सोबत निघतं ते फक्त पाणी. साडेसहा किलो कमी वाटतं, पण सात क्युबिक मीटरवाले अकराएक सिलिंडर झाले! शिवाय ऑटोक्लेव्ह (प्रेशर झेपणारा रिअ‍ॅक्टर), फ्लेमप्रूफ वायरिंग, पेसोचे (स्फोटकं-गॅस सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) नियम, हे सगळं धरा.

आता कॅटॅलिस्ट. रेणूवर नायट्रो सोडून अजून काय बसलंय ते आधी बघा. साधा मिथाइल, मेथॉक्सी असेल तर ५ टक्के पॅलेडियम ऑन कार्बन झकास, कमी प्रेशरलाही धावतं, वापरलेला माल मेटल रिकव्हरीला परत जातो. पण क्लोरीन असेल तर सांभाळून. पूर्वीच्या एका कंपनीत आम्ही क्लोरोनायट्रोची बॅच पॅलेडियमवर रात्रभर चालू ठेवली, सकाळी एचपीएलसीला (शुद्धता तपासणीला) क्लोरीन गेलेली इम्प्युरिटी दिसली, आणि ती काही केल्या वेगळी होईना, सगळी बॅच गेली. अशा मालाला सल्फाइडेड प्लॅटिनम (सल्फरने मुद्दाम मंद केलेलं) घ्या, प्रेशर-टेंपरेचर जास्त लागतं, वेळही जास्त, पण हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीन) जागेवर राहतं. रेनी निकेल (बारीक सच्छिद्र निकेल पावडर) स्वस्त, पण पाण्याखालीच ठेवायचं, सुकलं की पेटतं, आणि ब्रोमो असेल तर त्याच्यावर भरवसा नको.

एक गोष्ट मात्र कुठलाही कॅटॅलिस्ट घेतला तरी आहेच. नायट्रो सरळ अमाइन होत नाही, मध्ये हायड्रॉक्सिलअमाइन बनतं, ते साठलं आणि गरम झालं तर भयानक एनर्जी सोडतं, आणि मुळात रिअ‍ॅक्शनचीच उष्णता दर मोलला ५०० किलोज्यूलच्या वर. म्हणून रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटला जेवढं कूलिंग झेपेल तेवढ्याच वेगाने नायट्रो सोडा, सगळं एकदम चार्ज करू नका. गॅस ओढणं थांबलं म्हणजे काम झालं असं धरू नका, सॅम्पल काढून बघाच. प्लॅटिनमसोबत चिमूटभर व्हॅनेडियम सॉल्ट घातलं तर हे साठणं बरंच कमी होतं.

हायड्रोजन गॅसऐवजी हायड्रॅझिन किंवा अमोनियम फॉर्मेटमधून हायड्रोजन घ्यायचा मार्ग दोन-चार किलोपुरता ठीक, फॉर्मेट तर कंडेन्सरमध्ये जाऊन जमतं.

माझं मत विचाराल तर वर्षाला दोन-तीनच बॅच असतील आणि हॅलोजन असेल तर लोखंडच राहू द्या, दर महिन्याला माल काढायचा असेल तर ऑटोक्लेव्ह घ्या. फक्त ट्रायल घेताना डिस्टिल केलेलं शुद्ध सॅम्पल नको, प्लांटच्या लॉटचंच नायट्रो वापरा, आधीच्या स्टेपमधून जरासं सल्फर आलं तरी पॅलेडियम मरतं आणि शुद्ध सॅम्पलवर ते कळतच नाही.