लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट: फुकट आहे, पण लक्ष ठेवा

गुहागरला आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे, बुकिंगची साइट पुतण्याने बनवून दिलेली. साइटचा पत्ता खरा आहे हे ब्राउझरला पटवून देणारं आणि पाहुण्यांची माहिती गुप्त ठेवायला लागणारं सर्टिफिकेट असतं, आधी होस्टिंगवाला त्याचे वर्षाला अडीच हजार घ्यायचा, म्हणजे सीझनमधल्या एका रात्रीचं भाडं गेलंच की. मग लेट्स एन्क्रिप्टवर आलो, ना-नफा संस्था आहे, २०१५ पासून फुकट देतायत.

सर्टबॉट नावाच्या, सर्टिफिकेट काढून देणाऱ्या प्रोग्रॅमने दहा मिनिटांत काम झालं. तो आपल्या सर्व्हरवर एक फाइल ठेवतो, लेट्स एन्क्रिप्टवाले बाहेरून येऊन ती वाचतात, सापडली की डोमेन आपल्या ताब्यात आहे हे सिद्ध. पुढे पाहुण्याचा ब्राउझर सर्टिफिकेटवरची सही तपासतो, दोन्हीकडे गुप्त चावी ठरते आणि मग फॉर्ममध्ये भरलेला फोन नंबर वाटेत कोणी पकडला तरी त्याला नुसता कचरा दिसतो.

गोची मुदतीची, ९० दिवसच. रिन्यू आपोआप होतं खरं, पण मी शहाणा फायरवॉलमध्ये पोर्ट ८०, म्हणजे ती फाइल वाचायला ते येतात तो दरवाजाच, बंद करून बसलेलो, त्यामुळे रिन्यू झालंच नाही, आणि मुदत संपायच्या आधी ईमेल यायचे तेही त्यांनी २०२५ मध्ये बंद केले. ऐन दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून एका काकूंचा फोन, "अहो, तुमची साइट धोकादायक म्हणतेय, पैसे भरू की नको?" पोर्ट उघडला, कमांड मारली, पाच मिनिटांत चालू. तोवर दोन बुकिंगं गेली ती गेलीच.

आणि ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे मालक सज्जन असं नाही हां, खोटं होमस्टे दाखवणाराही हेच सर्टिफिकेट काढू शकतो.

साडेचार स्टार, अर्धा त्या ईमेलचा कापला.