कॅम्परमधला सॉकेट: जुना बदलायचा, नवा काढायचा की १२ व्होल्टचा बसवायचा?

कॅम्पर किंवा मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, प्लगपॉइंट कुठे कमी पडतो हे पहिल्या लांबच्या मुक्कामातच कळतं. सॉकेट असतो ओट्याच्या कोपऱ्यात किंवा दारामागे, आणि फोन हवा असतो उशाशी. मग तीन वाटा दिसतात. आहे तो सॉकेट काढून चांगला बसवायचा, त्याच लाइनवरून आणखी एक पॉइंट काढायचा, किंवा मेन लाइनला हात न लावता बॅटरीवरून १२ व्होल्टचा पॉइंट द्यायचा. बहुतेक जण थेट दुसऱ्या वाटेला जातात. माझ्या मते तिचा विचार सगळ्यांत शेवटी करावा.

याचं कारण सॉकेटच्या मागे आहे. घरात कुठल्याही पॉइंटला वीज एकाच ठिकाणाहून येते, गाडीत तसं नसतं. साधा एसी सॉकेट, म्हणजे घरातल्यासारखा मेन लाइनच्या विजेचा, गाडी बाहेरच्या वीजजोडणीला लावलेली असेल किंवा जनरेटर चालू असेल तरच जिवंत असतो. गाडीत इन्व्हर्टर असला तरी तो सगळ्या सॉकेटना वीज देतोच असं नाही, अनेकदा मोजके दोन-चारच त्याच्यावर असतात. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी अर्धा तास काढा. बाहेरची जोडणी काढा, जनरेटर बंद ठेवा आणि एक छोटा दिवा घेऊन प्रत्येक सॉकेट तपासा, एकदा इन्व्हर्टर चालू ठेवून आणि एकदा बंद करून. जे दिसेल ते कागदावर लिहून ठेवा. पलंगाजवळ हौसेनं एसी पॉइंट काढायचा आणि आडरानात पहिल्याच रात्री तो मेलेला निघायचा, हा मनस्ताप या कागदानं टळतो.

आहे तो बदलताना: पेटीचा की बिनपेटीचा?

कॅम्परच्या भिंती बहुधा २.५ ते ५ सेंटिमीटर जाडीच्या असतात, आतल्या आडभिंती तर त्याहून पातळ. घरगुती सॉकेटची पेटी तिथे मावत नाही. म्हणून अनेक कारखान्यांत, विशेषतः उत्तर अमेरिकी गाड्यांत, बिनपेटीचा सॉकेट बसवतात. त्याचं मागचं झाकण हीच त्याची पेटी. आतल्या वायरी सोलायच्या नसतात, त्या दोन पात्यांच्या फटीत दाबायच्या. पाती इन्सुलेशन कापून तांब्याला धरतात. कारखान्यात काम झटपट होतं, आणि सॉकेट पातळ भिंतीत नीट बसतो.

त्याची उणी बाजूही तिथेच आहे. पात्यांची तांब्यावरची पकड अरुंद असते, आणि ती ठरावीक जाडीच्या एकेरी, भरीव वायरीसाठीच बनवलेली असते. अनेक बारीक तारांची लवचीक वायर तिच्यात कोंबू नये. सॉकेट बदलताना जुन्या कापलेल्या जागीच वायर पुन्हा दाबू नका. ते टोक छाटा आणि कोरा भाग वापरा. मागे वायर तोकडीच सोडलेली असेल, तर छाटायलाही काही उरत नाही. हे आधी पाहून घ्या.

पेटीच्या घरगुती सॉकेटला स्क्रूचे टर्मिनल असतात. ते आवळता येतात, उघडून तपासता येतात, आणि त्या मापात तऱ्हेतऱ्हेचे सॉकेट मिळतात. गाडी रस्त्यावर सतत थरथरत असते, तिच्यात स्क्रूची पकड मला जास्त भरवशाची वाटते. त्याच सॉकेटच्या पाठीला वायर नुसती खुपसायची भोकं असतील तर ती मात्र वापरू नका. थरथरीनं तीच जोडणी आधी सैल होते. सैल जोडणी तापते, आणि सॉकेटच्या मागे फोम आणि लाकूड असतं. माझ्या गाडीत ओट्याजवळच्या सॉकेटचं झाकण हाताला कोमट लागलं म्हणून मी तो उघडला, तर एका वायरीचं इन्सुलेशन तपकिरी पडलेलं होतं. ब्रेकर एकदाही पडला नव्हता. ब्रेकर जास्त करंट ओळखतो, सैल वायर ओळखत नाही.

निवड मी अशी करतो. भिंतीत खोली असेल तर पेटी आणि स्क्रूचा सॉकेट. खोली नसेल आणि लोड फोन-लॅपटॉपपुरताच असेल तर नवा बिनपेटीचा. खोली नाही पण किटली, हीटर चालवायचा आहे, तर भिंतीच्या बाहेर बसणारा सरफेस बॉक्स. तो दिसायला थोडा ओबडधोबड असतो, पण जोडणी पक्की होते आणि केव्हाही उघडून पाहता येते. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: घरगुती सॉकेट पेटीशिवाय तसाच भिंतीच्या भोकात बसवणं. उघडे टर्मिनल फोमला टेकतात, आणि बाहेरून कुणालाही काही कळत नाही.

नवा पॉइंट काढताना

पॉइंट वाढला म्हणून वीज वाढत नाही. १२० व्होल्टची ३० अँपिअरची जोडणी म्हणजे संपूर्ण गाडीला मिळून ३६०० वॉट. २३० व्होल्टची १६ अँपिअरची जोडणी म्हणजे ३६८० वॉट. मुक्कामाच्या जागी ६ अँपिअरच मिळत असतील तर १३८० वॉटवर मर्यादा आली, आणि २००० वॉटची किटली लावली की ब्रेकर पडणार. जुन्या लाइनवर नवा पॉइंट जोडला तर दोन्हींचा लोड त्याच वायरीवर आणि त्याच ब्रेकरवर येतो. ब्रेकर वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणं हा उपाय नव्हे. ब्रेकर वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो वाढवला की आधी वायर जळते.

नवा पॉइंट गळती ओळखणाऱ्या संरक्षणाच्या पुढेच घ्या. असं संरक्षण देणारा आरसीडी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडतो, तर उत्तर अमेरिकेतला जीएफसीआय ४ ते ६ मिलिअँपिअरवर. जीएफसीआय सॉकेटमधून पुढे लाइन नेत असाल तर ती ‘लोड’ लिहिलेल्या टर्मिनलवरून न्या. ‘लाइन’च्या टर्मिनलवर जोडलेला नवा पॉइंट चालेल, पण त्याला संरक्षण मिळणार नाही. न्यूट्रल आणि अर्थ गाडीतल्या सॉकेटमध्ये किंवा पॅनेलमध्ये एकत्र बांधू नका. ती गाठ वीज जिथून येते त्या स्रोताशी असते. गाडीत बांधली तर न्यूट्रलचा करंट धातूच्या सांगाड्यातून वाहू लागतो, आणि बाहेरच्या जोडणीत काही उलटसुलट असेल तर अख्खी गाडीच करंट मारू शकते. दाराच्या दांडीला हात लावून ओल्या गवतावर उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा.

वायर कुठून न्यायची, हा प्रश्न सॉकेटच्या निवडीपेक्षा अवघड ठरतो. भिंतीत पाण्याची नळी, गॅसची नळी आणि १२ व्होल्टच्या वायरी असू शकतात. तिथे अंदाजानं ड्रिल मारू नये. फोम चिकटवून दाबलेल्या भिंतीतून तर वायर ओढताच येत नाही. कपाटांच्या आतून, पलंगाच्या खालच्या पोकळीतून, कोपऱ्याला लावलेल्या पट्टीतून नेणं बरं. धातूतून जाताना भोकाला रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून बसवायचं कडं) हवाच. सरकून बाहेर येणाऱ्या खोलीत नवी लाइन न्यायची असेल तर ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडेच द्या. पॅनेलमधून वेगळं सर्किट काढायचं असेल तरी तसंच.

१२ व्होल्टचा पॉइंट

बहुतेकांची खरी गरज इथेच भागते. फोन, टॅब्लेट, कॅमेरा, दिवा, छोटा पंखा आणि टाइप-सीवर चालणारा लॅपटॉप यांना मुळात डीसीच, म्हणजे बॅटरीतून येते तशी वीजच, लागते. बॅटरीतलं डीसी इन्व्हर्टरनं एसी करायचं आणि चार्जरनं पुन्हा डीसी, यात दोनदा वीज वाया जाते. शिवाय इन्व्हर्टर रिकामा चालू असतानाही बॅटरी खातो. ६५ वॉटच्या लॅपटॉपला १२ व्होल्टवरून थेट टाइप-सी सॉकेट दिला तर साधारण ६ अँपिअर लागतात, आणि तो बाहेरची वीज असो नसो चालतो.

पण १२ व्होल्ट म्हणजे पोरखेळ, हा समज चुकीचा आहे. व्होल्टेज कमी असलं तर तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो. १० अँपिअरचा लोड ५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं होतं. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्यात सुमारे ०.७ व्होल्ट गळतात, ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३. घरच्या २३० व्होल्टमध्ये ०.७ व्होल्ट कुणाला जाणवणारही नाही, १२ व्होल्टमध्ये मात्र फ्रिज कुरकुरतो. वायर लवचीक, बारीक तारांची घ्या आणि टोकाला लग, म्हणजे धातूचं टोक, क्रिंप करा, म्हणजे पक्कडीनं दाबून बसवा. नुसता पीळ आणि वर टेप, ही जोडणी पहिल्या खडीच्या रस्त्यावर उसवते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा आणि तो वायरीच्या क्षमतेनुसार ठरवायचा. फ्यूज सॉकेटपाशी लावला तर मधली सगळी वायर असंरक्षित राहते, आणि ती कुठे घासली तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहू शकतात.

सिगारेट लायटरच्या आकाराच्या सॉकेटपेक्षा मी टाइप-सी निवडेन. लायटरवाला प्लग हादऱ्यानं निसटतो. सॉकेटवर व्होल्ट दाखवणारा आकडा सतत पेटता राहणार असेल तर बटण द्या, नाहीतर गाडी महिनाभर उभी असताना तोही बॅटरी पोखरतो. एसी सॉकेटमध्येच यूएसबी दिलेला प्रकारही बाजारात असतो, आणि त्यात बरेच जण फसतात. तो यूएसबी एसीवरच चालतो, त्यामुळे बाहेरची वीज गेली की तोही बंद.

किटली, हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह यांना हा मार्ग नाही. १००० वॉट १२ व्होल्टवर म्हणजे ८३ अँपिअर, इन्व्हर्टरची तूट धरून नव्वदीच्या वर. ही उपकरणं रोज लागत असतील तर मुकाट्यानं एसी पॉइंटकडे वळा, आणि तोही आधी जुना बदलून भागतो का ते पाहा.

हात घालण्याआधी

बाहेरचा प्लग ओढला म्हणजे वीज गेली, हे घरातलं गणित इथे धोक्याचं आहे. प्लग निघताक्षणी इन्व्हर्टर आपोआप ताबा घेऊ शकतो, आणि काही जनरेटर स्वतःहून सुरू होतात. इन्व्हर्टर त्याच्या मुख्य बटणावरून बंद करा, जनरेटरचं ऑटोस्टार्ट बंद करा, मग टेस्टरनं तपासा. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून पाहा, म्हणजे तोच बिघडलेला नाही ना हे कळेल. १२ व्होल्टच्या कामात बॅटरी तोडली तरी छतावरचे सोलर पॅनेल उन्हात वीज देतच राहतात, त्यांचीही जोडणी सोडवा. रंगावर विसंबू नका. काही गाड्यांत काळी वायर १२ व्होल्टची पॉझिटिव्ह असते आणि तशीच काळी वायर १२० व्होल्टचा फेजही असते, दोन्ही एकाच पोकळीत.

काम झाल्यावर झाकण लावा, पण ते कायमचं लागलं असं समजू नका. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरच्या खडबडीत प्रवासानंतर सगळी वीज बंद करून प्रत्येक नवा सॉकेट पुन्हा उघडा आणि स्क्रू आवळून पाहा. एखादा तरी पाव फेरा फिरतोच.