गीझर आणि फ्लडगेट: मोबाईलवरच्या पोरांना आपल्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर आणायचं असेल तर हेच टाका

मालवणात आमचा माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर आहे, म्हणजे सगळ्यांनी ऑनलाइन एकत्र खेळायची जागा, दोन वर्षं झाली, आणि ज्यांना असा सर्व्हर काढायचाय किंवा काढलाय पण माणसं टिकत नाहीयेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. रिव्ह्यू गीझर या प्लगिनचा, म्हणजे सर्व्हरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचा आहे, सोबत फ्लडगेट, कारण आम्ही दोन्ही एकत्रच वापरतो. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स.

हे लागतं कशाला ते आधी सांगतो. माइनक्राफ्ट दोन प्रकारचं, कॉम्प्युटरवर चालतं ते जावा आणि मोबाईलवरचं बेडरॉक, दोघांची सर्व्हरशी बोलायची भाषाच वेगळी, त्यामुळे साध्या जावा सर्व्हरवर मोबाईलवाला येऊच शकत नाही. आता आमच्याकडे गेमिंग पीसी आहे किती जणांकडे? पहिले सहा महिने सर्व्हरवर मी, माझे दोन मित्र आणि ठाण्याचा मावसभाऊ, एवढीच वस्ती. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीसेक पोरं, रोज कोणाचा तरी मेसेज, "दादा, माका आत जावक गावना नाय." काय उत्तर देणार, वाईट वाटायचं.

गीझर मध्ये उभं राहून दुभाष्याचं काम करतं. फोन जे बोलतो ते जावाच्या भाषेत सर्व्हरला सांगायचं आणि सर्व्हरचं परत फोनला. फ्लडगेटमुळे जावाचं वेगळं अकाउंट विकत घ्यावं लागत नाही, मोबाईलवरच्या एक्सबॉक्स अकाउंटनेच पोरगं आत येतं, फक्त नावाच्या आधी एक टिंब लागतं. या टिंबाचा मला फार उपयोग होतो. टिंबवाला म्हणजे मोबाईलवर आहे, म्हणजे चॅटमध्ये टाईप करायला त्याला वेळ लागणार, तर उत्तर आलं नाही म्हणून लगेच ओरडायचं नाही, हे मी सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या माझ्या मॉडरेटर पोरांना पहिल्या दिवशीच सांगितलंय. व्हाइटलिस्ट, म्हणजे आत यायची परवानगी असलेल्यांची यादी, लावली असेल तर मोबाईलवाल्यांना फ्लडगेटच्या वेगळ्या कमांडने घ्यावं लागतं, हे लक्षात ठेवा.

टाकायला सोप्पं आहे. पेपर (प्लगिन चालवणारं जावाचं सर्व्हर सॉफ्टवेअर) असेल तर दोन फाईली प्लगिनच्या फोल्डरात टाकायच्या, रीस्टार्ट, झालं. आम्ही अडकलो ते पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या दाराच्या नंबरावर. जावाचा पोर्ट २५५६५, टीसीपी, आणि बेडरॉकचा १९१३२, यूडीपी, हे डेटा पाठवायचे दोन वेगळे प्रकार. आधी घरच्या पीसीवर चालवून बघितलं होतं पण पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि आमच्या इंटरनेट लाईनवर बाहेरून पोर्टच उघडत नव्हता, म्हणून मुंबई लोकेशनचा भाड्याचा प्लॅन घेतला. तर त्या होस्टिंगवाल्यांनी दुसरा पोर्ट द्यायला तीन दिवस लावले आणि वर जास्तीचे पैसे सांगितले. नंतर कळलं की गीझरच्या कॉन्फिगमध्येच एक सेटिंग आहे, जावाचाच पोर्ट नंबर बेडरॉकलाही वापरायचा, एक टीसीपी एक यूडीपी म्हणून भांडण होत नाही. पैसे द्यायच्या आधी ते बघा.

आता खरी गोष्ट. गीझर टाकल्यावर महिन्याभरात रोज संध्याकाळी पंधरा-वीस पोरं यायला लागली, आणि त्यातल्याच एका आठवीतल्या मुलीने विषय काढला की आपण सिंधुदुर्ग बांधूया. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला, आमच्या जेटीवरून रोज दिसणारा. ती फोनवरून, पाच-सहा इंचाच्या स्क्रीनवर, वळणावळणाचा तट लावत होती आणि पलीकडून ठाण्याचा भाऊ पीसीवरून तिलाच दगड आणून देत होता. दूधबाव, दहीबाव, साखरबाव तिन्ही विहिरी तिने जागच्या जागी खोदल्या, रविवारी बाबांबरोबर होडीने जाऊन पावलं मोजून आली होती. एके रात्री कोणीतरी बाहेरचा शिरला आणि दूधबाव आणि बाजूचा तट फोडून गेला. सकाळी पोरगी रडकुंडीला. कोण काय फोडतं-लावतं त्याची नोंद ठेवणारं कोअरप्रोटेक्ट हे प्लगिन आधीपासून टाकलेलं होतं, फोडणाऱ्याचं नाव आणि वेळ देऊन रोलबॅक मारला, म्हणजे त्याने केलेलं सगळं उलटवलं, एकेक दगड परत जागेवर आला, ती तिथेच उभी राहून बघत होती. हे प्लगिन पहिल्या दिवसापासून टाका, नुकसान झाल्यावर टाकून उपयोग नाही, कारण आधीची नोंदच नसते.

त्रास कुठे होतो तेही सांगतो. फोनमधला गेम आपोआप अपडेट होतो आणि सर्व्हरवरचं गीझर जुनं राहतं, मग सगळ्या मोबाईलवाल्यांना दार बंद. गणपतीत हेच झालं, चाकरमानी आलेले, सगळ्या वाडीतली पोरं एकत्र बसलेली आणि कोणालाच आत जाता येईना. मी आरतीला उभा, आरती संपल्या संपल्या पडवीत बसून फोनवरूनच गीझरची नवीन बिल्ड, म्हणजे नवी आवृत्ती, चढवली. आता अपडेट आलं की आधी गीझरची नवीन बिल्ड बघतो.

दुसरं म्हणजे मारामारी. जावात तलवार मारली की थोडं थांबावं लागतं, बेडरॉकमध्ये तसं नाही, त्यामुळे फोनवाली पोरं भराभर टॅप करतात आणि समोरच्याला काही होतच नाही. हा दोन गेममधला फरक आहे, गीझर तरी त्याला काय करणार. आम्ही मुख्य जगात आपसातली मारामारी बंदच केली आणि खरं सांगू, त्यानंतर लहान पोरं जास्त टिकली. डाव्या हातात मशाल धरायची सवय असेल तर तीही फोनवाल्यांना सहज जमत नाही. आणि लहान मुलाचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर ऑनलाइन खेळायची परवानगी आईबाबांनी द्यावी लागते, हे मी आता प्रत्येक घरी फोन करून समजावतो, त्या निमित्ताने त्यांना पण कळतं पोरगं कोणाबरोबर खेळतंय.

पैसे घेऊन तलवारी किंवा हिरे विकायचे नाहीत, माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांग कंपनीचे नियम पण तेच सांगतात, आम्ही भाडं वर्गणीतून काढतो, वर्गणी न देणाऱ्यालाही तेवढंच मिळतं.

गीझरला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो अपडेटच्या धावपळीसाठी. आमच्या सिंधुदुर्गाचा दिल्ली दरवाजा अजून बांधायचा राहिलाय, दहावीवाल्यांची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये घेणार आहोत, मालवण, देवगड, वेंगुर्ला कुठचंही पोरगं असूदे, मोबाईल असला तरी चालेल.