सीएचडीके की मॅजिक लँटर्न : जुना कॅनन घ्यायचा तर कुठला?

मे महिन्यात वळीव सुरू झाला की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. बेळगावजवळच्या येळ्ळूरला चुलतभावाच्या गच्चीवरून राजहंसगडामागची वीज पकडली होती, तो फोटो कुणीतरी कुणालातरी दाखवलेला असतो. कॅमेरा कुठला, असं विचारतात. कॅनन पॉवरशॉट ए५९०, पेन्सिल सेलवर चालणारा, असं सांगितलं की पलीकडचा माणूस थोडा हिरमुसतो. मग पुढचा प्रश्न येतो : "त्यापेक्षा जुना डीएसएलआर घेऊन त्यात मॅजिक लँटर्न टाकलं तर?" मॅजिक लँटर्न म्हणजे कॅमेऱ्याला जादा करामती शिकवणारं सॉफ्टवेअर, आणि माझ्या छोट्या कॅमेऱ्यातलं तसलंच ते सीएचडीके.

दोन्ही मी वापरलंय. ए५९० मला ९०० रुपयांना मिळाला, कुणाच्यातरी कपाटात पडून होता. कॅननचा ५५०डी हा डीएसएलआर लेन्ससकट साडेनऊ हजारांना, कोल्हापूरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून. आधी छोटा, मग मोठा, आणि आता परत छोटा, असा माझा प्रवास. तेव्हा थोडा पक्षपात होणार, तो आधीच कबूल करतो.

दोन्हींचा मूळ विचार एकच आहे. कॅमेऱ्याच्या पोटातला प्रोसेसर कंपनीने दिलेल्या मेनूपेक्षा बरंच काही करू शकतो, आणि बाहेरच्या हौशी प्रोग्रामरांनी ते उघडं करून दिलं. सीएचडीके, म्हणजे कॅनन हॅक डेव्हलपमेंट किट, हे छोट्या पॉवरशॉटसाठी. मॅजिक लँटर्न हे कॅननच्या ईओएस डीएसएलआरसाठी, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांसाठी. ट्रॅमेल हडसनने २००९ मध्ये ५डी मार्क टू साठी ते सुरू केलं, तेही मुख्यतः व्हिडिओच्या सोयीसाठी. हा जन्म लक्षात ठेवा, कारण त्याचा स्वभाव अजून तोच आहे. दोन्ही फुकट, दोन्ही कार्डावरून चालतात, आणि दोन्हींत स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायचा नाही. (हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या गल्लीतल्या एका पोराने 'हॅक' म्हटल्यावर कॅमेरा उघडलाच होता. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही तीनशेच्या आसपास व्होल्ट बसून असतात. त्याला सणसणीत झटका बसला, पण निभावलं.)

आधी विजेचंच बोलतो, कारण बहुतेकांना तेच हवं असतं.

रात्रीची वीज अवघड नाही. शटर उघडं ठेवा, वाट बघा. मूळ ए५९० पंधरा सेकंदांवर अडतो, आणि त्यानंतर तेवढाच वेळ 'नॉइज' काढण्यासाठी दुसरा काळा फोटो मनातल्या मनात घेत बसतो. सगळ्यात देखणी वीज नेमकी त्या पंधरा सेकंदांत पडते, हा माझा अनुभव आहे, शास्त्र नव्हे. सीएचडीकेमध्ये हा काळा फोटो बंद करता येतो आणि शटर ६४ सेकंद किंवा त्याहून जास्त उघडं ठेवता येतं. एवढ्यावरच माझे ९०० रुपये वसूल झाले होते.

खरी गंमत संध्याकाळी पाच-साडेपाचच्या वळिवाची. उजेड असतो, शटर उघडं ठेवता येत नाही. इथे सीएचडीकेची 'मोशन डिटेक्ट' स्क्रिप्ट, म्हणजे हालचाल ओळखणारा छोटा प्रोग्राम, लागते. ती चित्राचे चौकोन पाडते आणि एखाद्या चौकोनातला उजेड एकदम बदलला की क्लिक करते. आता कुणीही म्हणेल, वीज चमकून गेल्यावर क्लिक करून काय मिळणार? पण वीज एकदाच चमकून जात नाही. बहुतेक वेळा त्याच वाटेने सेकंदाच्या छोट्याशा भागात ती तीन-चारदा उतरते. पहिलीने कॅमेरा जागा होतो, दुसरी-तिसरी फोटोत येते. येळ्ळूरच्या त्या संध्याकाळी मला ३१ फोटो मिळाले, त्यातल्या पाचांत वीज होती आणि बाकीच्या बहुतेकांत चुलत्यांचा नारळ. वाऱ्याने झावळी हलली तरी स्क्रिप्टला वाटतं वीज पडली. पुढच्या वेळी खालच्या ओळींचे चौकोन वगळले, तेव्हा नारळाचे फोटो थांबले.

५५०डी वर मॅजिक लँटर्नमध्येही मोशन डिटेक्ट आहे. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) चालू ठेवून मी दोन उन्हाळे खटपट केली. माझ्या हातून तरी संध्याकाळच्या उजेडातली एकही वीज नीट मिळाली नाही. दोष माझ्या सेटिंगचाही असेल. कुणाला जमलं असेल तर मी त्याच्या गच्चीवर यायला तयार आहे.

आता दुसरी बाजू. मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोला छोटा कॅमेरा काही केल्या पोचत नाही. श्रावणात गोकाकच्या धबधब्यावर मी दोन्ही नेले होते. घटप्रभा भरून आलेली, ५० मीटरवरून कोसळणारं तांबूस पाणी, समोर झुलता पूल. ए५९० च्या फोटोत ते पाणी म्हणजे ताकाची कढी. सीएचडीकेने रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेलं सगळं कच्चं चित्र, मिळते, हे खरं. दर फोटोला साधारण दहा एमबी, आणि लिहायला इतका वेळ की तेवढ्यात चहा होतो. पण सेन्सर मुळात नखाएवढा, तिथे रॉ तरी काय करणार? ५५०डी ने तेच पाणी थेंब न् थेंब दाखवलं. मॅनुअल लेन्स लावली असेल तर मॅजिक लँटर्नचं 'फोकस पीकिंग' म्हणजे चाळिशी लागलेल्यांना वरदान आहे. जिथे नेमकं फोकस बसलंय तिथल्या कडा रंगीत दिसतात.

आणि व्हिडिओ. आमच्या देवळात सप्ताहाचं कीर्तन असतं. ५५०डी बारा मिनिटांच्या आसपास, ४ जीबीची फाइल झाली की थांबतो. बुवा अभंगाच्या चरणावर, आणि कॅमेरा गप्प. मॅजिक लँटर्नला सांगून ठेवलं की तो थांबल्यावर आपणच पुन्हा रेकॉर्डिंग सुरू करतं. मधे काही सेकंद जातात, पण कुणी उठून बटण दाबायला लागत नाही. आवाजाची पातळी पडद्यावर दिसते, मृदंगाला आवाज फाटतोय का तेही कळतं. कीर्तन, नाटक, शाळेचं गॅदरिंग हेच तुमचं काम असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, ५५०डी किंवा ६००डी घ्या. फक्त घेताना फर्मवेअरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ सॉफ्टवेअरचा, आकडा बघून घ्या : ५५०डी ला १.०.९, ६००डी ला १.०.२ लागतं. कॅमेऱ्याच्या मेनूतच तो दिसतो.

सीएचडीकेच्या बाबतीत तो आकडा मेनूत दिसत नाही. कार्डावर एक ठरावीक नावाची रिकामी फाइल ठेवून, फोटो बघायच्या मोडमध्ये दोन बटणं एकत्र दाबावी लागतात. एकदाच करायचं असतं, पण पहिल्यांदा माणूस वैतागतो. जुन्या पॉवरशॉटांना आपोआप सुरू व्हायला ४ जीबीच्या आतलं, फॅट-१६ पद्धतीचं कार्ड लागतं, आणि तसं कार्ड आता दुकानात मागितलं तर दुकानदार आपल्याकडे कीव आल्यासारखं बघतो. मोठ्या कार्डाचे दोन भाग पाडून काम होतं. नाहीतर दर वेळी मेनूतून फर्मवेअर अपडेटच्या नावाने ते सुरू करावं लागतं. शिवाय कार्डाच्या बाजूला ते इवलंसं कुलुपाचं सरकपट्टीचं टोक असतं, ते 'लॉक'वर ठेवलं तरच सीएचडीके आपोआप चढतं. माझ्या एका कार्डाचं टोक ढिलं झालंय, त्यावर सेलोटेपचा तुकडा लावलाय.

सेलचंही सांगून टाकतो. पेन्सिल सेल कुठेही मिळतात, असं मी लोकांना ऐटीत सांगायचो. जांबोटीला एकदा किराणा दुकानातले साधे दहा-दहा रुपयांचे सेल घातले, तर कॅमेरा लेन्स बाहेर काढून तिथेच मेला. अल्कलाइन हवेत, किंवा चार्ज होणारे. पडदा बंद ठेवून चार्जवाल्या जोडीवर माझे दीडेक तास निघतात. दर पाच सेकंदांना एक फोटो, दोन तास, म्हणजे १,४४० फोटो, पंचवीस फ्रेमच्या हिशेबाने जेमतेम एक मिनिटाचा टाइमलॅप्स. त्यात एकदा जोडी बदलावी लागते आणि बदलताना ट्रायपॉड हलतो. ५५०डी ला ही कटकट नाही, पण ते १,४४० वेळा आरसा आपटणं ऐकलं की मला माझे साडेनऊ हजार आठवतात.

इथपर्यंत हिशेब मोठ्या कॅमेऱ्याच्या बाजूने झुकतोय, हे मलाही दिसतंय. माझा हिशेब फिरला तो शिवजयंतीच्या रात्री.

बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते आणि पहाटेपर्यंत चालते, हे इथल्यांना सांगायला नको. त्या वर्षी ५५०डी देऊन आमच्या मंडळाच्या चित्ररथाचं चित्रण भाच्याकडे सोपवलं होतं. कार्ड भरलंय म्हणून त्याने दुपारी ते लॅपटॉपला लावलं, फोटो उतरवून घेतले, आणि नीट स्वच्छ व्हावं म्हणून आतलं सगळं निवडून पुसलं. रात्री साडेअकराला रामदेव गल्लीतून त्याचा फोन. मागे ढोल एवढे की अर्धं ऐकूच येईना.

"मामा, कॅमेरा चालूच होईना झालाय की ओ. लाल लाईट तेवढी लागते."

"काय केलंस?"

"मी काय केलो नाही ओ. कार्ड तेवढं साफ केलो."

तेवढंच केलं होतं त्याने, आणि तेवढंच पुरे होतं. मॅजिक लँटर्न बसवताना ते कॅमेऱ्याच्या आत एक खूण करून ठेवतं : सुरू होताना आधी कार्ड बघ. कार्डावरही तशीच एक खूण असते, आणि ती फाइली पुसल्याने जात नाही. म्हणजे कॅमेरा उठतो, कार्डावर खूण बघतो, मॅजिक लँटर्नची फाइल शोधतो, ती सापडत नाही, आणि तिथेच अडकून बसतो. पडदा काळा, बटणं मेलेली. बॅटरी काढून घातली तरी तेच. उपाय अगदी साधा : ते कार्ड काढा, दुसरं कुठलंही साधं कार्ड घाला, कॅमेरा लगेच उठतो. पण रात्री साडेअकराला, मिरवणुकीत, दुसरं कार्ड कुणाकडे? आणि मला हे कारण तेव्हा ठाऊक नव्हतं. कॅमेरा गेला असंच मी धरून चाललो. आमचा चित्ररथ गेला, मागचाही गेला. चित्रण शेवटी कुणाच्यातरी मोबाइलवर झालं, तेही उभं.

चूक आमची होती, मॅजिक लँटर्नची नाही. सूचनांत हे लिहिलेलं आहे. कार्डाचं झाकण उघडल्यावर पाच सेकंद थांबून मगच कार्ड काढा, हेही लिहिलंय, आणि तेही आमच्या घरात कुणी पाळत नाही. पण आमच्याकडे कॅमेरा एकट्याचा नसतो. आज माझ्याकडे, उद्या भाच्याकडे, परवा खानापूरच्या मेहुण्याच्या घरी बारशाला. प्रत्येक हाताला ही पथ्यं शिकवत बसायची माझी तयारी नाही.

सीएचडीके कॅमेऱ्याच्या आत काहीच लिहीत नाही. कार्डाचं टोक 'अनलॉक' केलं की तो साधा ए५९० होतो. दुसऱ्याचं कार्ड घातलं तरी साधा ए५९०. भाच्याने पुसलं, मेहुण्याने फॉरमॅट केलं, तरी वाईटात वाईट काय होईल, तर विजेची स्क्रिप्ट चालणार नाही. फोटो मात्र निघेल. एकदा मधेच स्क्रिप्ट अडकली तेव्हा सेल काढून परत घातले आणि दोन मिनिटांत पुन्हा चालू.

तर विचारणाऱ्याला मी सांगतो ते असं : व्हिडिओ आणि कीर्तन असेल, कॅमेरा फक्त तुमच्याच हातात राहणार असेल, आणि खिशात एक साधं कार्ड कायम ठेवायची शिस्त असेल, तर ५५०डी. त्याचं चित्र चांगलं आहे, त्यात वाद नाही. वीज, ढग, गडावरची रात्र, आणि हाताळणारे चार जण असतील, तर एखाद्या नातेवाइकाच्या कपाटात ए-मालिकेतला जुना पॉवरशॉट पडलाय का ते आधी विचारा. कार्डाचं झाकण आणि सेलच्या कप्प्याची कडी धड आहे ना, तेवढं बघून घ्या. ए५९० घ्यायला गेलात तर बहुतेक तीच कडी मोडलेली असते.

माझा ५५०डी आता खानापूरला मेहुण्याकडे असतो, देवळाच्या कामाला. त्यातली खूण मी फर्मवेअर अपडेट पुन्हा चालवून काढून टाकलीय. कीर्तनात बारा मिनिटांनी कॅमेरा थांबला की मेहुणा उठतो आणि बटण दाबतो.