बेसिनची जाळी, काटेरी पट्टी आणि एन्झाईमचं लिक्विड: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते, घाईत असलेल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. भोकाच्या आत बसणारी केस अडवायची जाळी, डोळे झाकून घ्या. प्लास्टिकची काटेरी पट्टी घ्या, पण एकदोन बास, पाकीटभर कशाला. एन्झाईमवालं लिक्विड मात्र बेसिन चांगलं वाहत असेल तरच, आधीच तुंबलेलं असेल तर त्याच्या नादी लागू नका.

आमचं बेसिन पूर्ण बंद असं कधीच पडलं नाही, आणि खरं तर तोच वैताग. बंद पडलं असतं तर माणूस लगेच काहीतरी करतो ना. इथे पाणी जायचं, पण रमतगमत. दात घासून होईपर्यंत फेसाचं तळं साचलेलं, मग ते सावकाश उतरणार आणि कडेला राखाडी रेघ सोडून जाणार, ती रेघ रोज घासत बसा. घरात लांब केसांच्या दोघी, नवऱ्याची दाढी पण तिथेच, त्यामुळे आत काय असणार याचा अंदाज होताच.

पहिल्यांदा पट्टी घातली तेव्हा कळलं की घाण फार खोल नसतेच. दाबून उघडबंद होणारं जे झाकण असतं त्याच्या दांडीला आणि खालच्या आडव्या पट्ट्यांना गुंतवळ अडकलेलं असतं, म्हणजे तोंडापासून वीतभर अंतरावर. नुसता केस काही पाणी अडवत नाही, तो जाळं विणतो आणि बाकीची मंडळी त्यात येऊन बसतात. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट पांढरा थर करतं, टूथपेस्टमध्ये दात घासायला जी बारीक पूड असते ती खाली बसते, दाढीचे बारीक केस येतात, आणि या सगळ्यावर जिवाणूंचा बुळबुळीत काळपट थर चढतो. वास येतो तो मुख्यतः या शेवटच्या मंडळींचा. म्हणून वरून सुगंधी काहीतरी ओतून काही होत नाही.

काटेरी पट्टी

हातभर लांब, लवचिक, दोन्ही कडांना उलटे काटे. आधी झाकण काढायचं. काही झाकणं नुसती उचलली की येतात, काही डावीकडे फिरवून सुटतात, आणि नळामागच्या दांडीने वरखाली होणारं असेल तर बेसिनखाली मागच्या बाजूला एक आडवी दांडी असते, तिचा नट सैल करून ती जरा मागे ओढावी लागते तेव्हा झाकण सुटतं. मग पट्टी आत सोडायची, दोनचार वेळा गोल फिरवायची आणि सावकाश ओढायची. सावकाश हे महत्त्वाचं, जोरात ओढली की अर्धा गुंता काट्यावरून निसटून परत आत जातो आणि उरलेला आरशावर उडतो. हातमोजे घाला, काटे हाताला चांगलेच ओरखडतात. जे बाहेर येईल त्याचं वर्णन करत नाही, जेवायच्या आधी हे काम काढू नका एवढंच. ते सगळं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, कमोडमध्ये नको, नाहीतर एक भोक मोकळं करून दुसरं भरून ठेवाल.

एवढं केल्यावर पाणी गर्रकन भोवरा घेऊन गेलं. फरक एकदम दिसतो, तिथे वादच नाही. तक्रारी दोन. पहिली, टोकाचे काटे काही वापरांनंतर वाकतात आणि मग पकड राहत नाही. पाकिटावर धुऊन पुन्हा वापरा असं लिहिलंय खरं, पण काट्यांत अडकलेले केस सोडवत बसणं बेसिन साफ करण्यापेक्षा किळसवाणं आहे. दुसरी, खाली बॉटल ट्रॅप (बेसिनखालचं बाटलीसारखं भांडं, ज्याच्या तळाच्या वाटीत थोडं पाणी साठून राहतं) असेल तर पट्टी तिथल्या वाटीच्या तळाला टेकते, त्यापलीकडे जात नाही. जास्त जोर लावून उपयोग नाही, पट्टीच मोडून आत राहायची.

जाळी

जाळ्या दोन प्रकारच्या. एक भोकावर सपाट बसते, दुसरी आत उतरते, तिला मधे दांडी असते आणि केस त्या दांडीभोवती गुंडाळले जातात. मी दोन्ही वापरल्या. सपाटवाली मला अजिबात आवडली नाही, थोडे केस जमले की तीच पाणी अडवते, म्हणजे ज्यासाठी आणली तोच त्रास वरच्या मजल्यावर. शिवाय हात धुताना सरकते. आत उतरणारी एकदम बेस्ट, केस आत असतात त्यामुळे दिसत नाहीत, आणि बाजूने पाण्याला वाट राहते. पाण्याचा वेग किंचित कमी होतो, पण नळ नेहमीसारखा सोडला तर तळं साचत नाही.

घेण्याआधी मात्र भोकाचा व्यास मोजा, वरच्या कडेचा नाही, आतला. सैल बसली तर केस बाजूने निसटतात आणि घट्ट बसली तर काढताना नखं तुटतात. आणि हिच्यासाठी मूळचं झाकण काढून ठेवावं लागतं, म्हणजे बेसिन भरून ठेवता येत नाही. आम्हाला त्याची गरज पडत नाही, तुम्हाला पडत असेल तर विचार करा. एक नुकसान लक्षात घ्या, झाकण गेल्यावर कानातलं, अंगठी अशा वस्तूंना रस्ता मोकळा होतो, जाळीच्या फटीतून बारीक फिरकी आरामात जाते.

साफसफाई आठवड्यातून एकदा, तेही टिश्यूने केस ओढून काढायचे आणि जुन्या टूथब्रशने रबरी कड घासायची, कारण तिच्या खाली काळं जमतं. हे टाळलं तर जाळी म्हणजे केसांचं नवीन गोदाम. अजून एक, दाढीचे बारीक केस ही जाळी धरत नाही. त्यावर नवऱ्याने काढलेला उपाय चांगला चाललाय, दाढी झाली की आधी बेसिन कोरड्या कागदाने पुसायचं, मगच नळ सोडायचा.

एन्झाईमचं लिक्विड

यातले जिवाणू आणि एन्झाईम आतली घाण हळूहळू पचवतात, म्हणून हे रात्री ओतायचं आणि सकाळपर्यंत पाणी सोडायचं नाही. उकळतं पाणी किंवा ब्लीच आगेमागे टाकलं तर त्यातले जिवाणू आणि एन्झाईम निकामी होतात, त्यामुळे ज्या घरात रोज रात्री कोणीतरी ब्लीच मारतं तिथे हे पैसे पाण्यात. आमच्याकडे वास नक्की कमी झाला, आणि नंतर ट्रॅप उघडला तेव्हा वाटीत काळा गाळ बराच कमी होता. पण पाण्याच्या वेगात फरक शून्य. केस हे केराटिन असतं आणि ते असल्या सौम्य लिक्विडला सहसा दाद देत नाही, त्यामुळे गुंता हातानेच काढावा लागतो. बाटली संपल्यावर परत आणलेली नाही.

जे विकत घेतलं नाही त्याबद्दल

खायचा सोडा आणि व्हिनेगर सगळेच सुचवतात. फेस बघायला मजा येते, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, शेवटी उरतं सोडियम अॅसिटेटचं खारट पाणी आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. केसांच्या गुंत्याचं त्याने काही वाकडं होत नाही. त्यापेक्षा गरम पाणी बरं, साबणाचा थर जरा सैल करतं. पण उकळतं नको, पीव्हीसी पाईप 80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि थंड बेसिनवर एकदम उकळतं पाणी ओतलं तर चिनीमातीला तडा जाऊ शकतो. हाताला चटका बसेल न बसेल इतपत पुरे.

कॉस्टिक सोड्यावर सासूबाईंचा फार विश्वास. तो खरंच केस विरघळवतो, ते खोटं नाही. पण पाण्यात पडताच तो भयंकर तापतो, ट्रॅपमध्ये दाणे साचले तर दगडासारखे घट्ट बसतात, डोळ्यात थेंब उडाला तर डोळ्यावर बेतू शकतं. त्यावर अॅसिड तर चुकूनही टाकायचं नाही, आणि ब्लीच आणि अॅसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. कोणी ओतलाच असेल तर नंतर प्लंजर मारू नका, आणि प्लंबर आला तर त्याने पाईपला हात लावायच्या आत सांगा.

ट्रॅप उघडणं

पट्टीनंतरही पाणी सुस्तच असेल तर खालचा बॉटल ट्रॅप उघडायचा, बहुतेक वेळा पान्ह्याची गरजही नसते. खाली बादली ठेवा, वाटी हाताने डावीकडे फिरवा, आतला गाळ काढा. वाटी त्याच बेसिनमध्ये धुवायचा मोह आवरा, खाली पाईप उघडा आहे! रबरी वॉशर परत सरळ बसवा, हातानेच घट्ट करा, पाणी सोडून जोडावर कोरडा टिश्यू फिरवा, ओला झाला तर वॉशर तिरका बसलाय. ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम राहतंच, गटाराचा वास अडवायला ते असतं, ते बघून तुंबलंय समजू नका. कमी वापरातल्या बेसिनमध्ये तेच पाणी सुकतं आणि वास येतो, तेव्हा तांब्याभर पाणी ओतलं की झालं.

भिंतीकडे जाणारा पाईप कंगोऱ्यांचा फ्लेक्झिबल असेल आणि मधे लोंबत असेल तर कितीही जाळ्या लावा, त्या झोळात गाळ बसणारच, तो आखडून उताराने लावून घ्या. प्लंजर मारायचा तर बेसिनच्या वरच्या कडेचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथून निघून जातो. आणि बेसिनचं पाणी सोडल्यावर बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीतून गुडगुड येत असेल किंवा तिकडून पाणी वर येत असेल तर अडचण पुढच्या लाईनमध्ये आहे, तिथे या वस्तूंचं काम नाही, प्लंबरच बोलवा.

दुसऱ्या बाथरूमसाठी परवा फक्त आत उतरणारी जाळी मागवली. तिथलं भोक या बेसिनपेक्षा लहान निघालं, बरं झालं आधी मोजलं.